धारोष्ण

राजश्री बहिरवाडेकडे थर्मामीटर होता, पण तिनं तो पेटीतून कधी बाहेर काढला नाही. क्षीरबंध डेअरीनं रेतनाच्या प्रशिक्षणात प्रत्येक बाईला एकेक दिला होता, सोबत गरम पाण्याचा थर्मासही. नायट्रोजनच्या डब्यातून रेड्याच्या बीजाची गोठलेली कांडी काढायची, सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, नळीत भरायची आणि माजावरच्या म्हशीला द्यायची. राजश्रीनं आठवड्याभरातच थर्मास घरच्या चहासाठी लावला. गवळ्याच्या लेकीनं सदतीस अंश शोधायला पाणी कशाला तापवत बसायचं? ज्या गोठ्यात जायची, तिथलीच दुसरी एखादी म्हैस ती पेलाभर पिळून घ्यायची आणि त्या फेसात कांडी बुडवायची. सडातून निघालेलं दूध म्हणजे देवानंच लावून दिलेलं तापमान. कांडी दोन्ही तोंडांनी बंद, त्यामुळे दूध नासत नसे. काम झालं की ती ते पिऊनही टाकी.

डेअरीचे तरुण डॉक्टर शिरगुप्पे यांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तापले. मग स्वतःच्या खिशातला थर्मामीटर त्यांनी पेल्यात घातला, काचेवरचा आकडा बघितला आणि एवढंच म्हणाले, "राजाक्का, हे कुठं सांगू नका."

सांगायची गरजच नव्हती. कोल्हापूरच्या गवळी गल्लीत तिचा हात सगळ्यांना ठाऊक होता. कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या राहत, तालमीतली पोरं पेला पुढं करत आणि धारेचं दूध उभ्याउभ्या पीत. तिथं एखाद्या गुबगुबीत रेडकाकडे बघून कुणी विचारलं, हे कुठल्या रेड्याचं, तर म्हातारी माणसं सरळ म्हणत, राजाक्काचं. तीही हसे. साठी आली होती, नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. आता लाजायचं कुणासाठी?

एवढ्या गोठ्यांत तिनं पाळणे हलवले, तिच्या घरात मात्र हलला नव्हता. मुलगा बसवराज शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर होता. सून प्रणाली आता अडतिसाची. लग्नाला चौदा वर्षं. दोनदा दवाखाना झाला, दोन्हीदा दोष भट्टीच्या उष्णतेवर आला, म्हणजे बसूवर आला. तिसऱ्यांदा त्यानं पाय उचलला नाही. भट्टीवरचे सोबती त्याला 'थंड भट्टी' म्हणू लागले होते, हे प्रणालीला फार उशिरा कळलं. बसू मूल नको असं कधी म्हणाला नाही. फक्त कुणाच्या बारशाचा पेढा आला की तो डबीत तसाच राही आणि चार दिवसांनी प्रणाली तो मुंग्यांना घाली.

दोन हजार त्रेचाळीस सालचा उन्हाळा आला तेव्हा कोल्हापुरात पारा पंचेचाळीसवर गेला. म्हशी काळ्या, घाम जेमतेम, त्यातून पंचगंगेत डुंबायला पाणी नाही. माजावर येत, भरवल्या की गाभ न धरता एकवीस दिवसांनी उलटत, पुन्हा भरवल्या की पुन्हा उलटत. राजश्रीच्या हाताला पहिल्यांदा बोल लागला.

शिरगुप्प्यांनी तिला कट्ट्यावर बसून कारण समजावलं. ते समजावत गवळ्यांच्या भाषेत, म्हणून लोक त्यांचं ऐकत. नराचं बीज म्हणजे डोकं, शेपूट आणि मधे एक छोटं इंजिन. बाकी सगळा संसार मागं टाकून निघालेला गडी, वाटेत काही फाटलं तर शिवायला सुईदोराही जवळ नाही. इंजिन प्राणवायू जाळतं आणि जाळताना ठिणग्या उडतात. थोड्या ठिणग्या लागतातच, त्यांच्याशिवाय बीजाला शेवटची उडी घेता येत नाही. पण ऊन वाढलं, किंवा गोठवून पुन्हा वितळवलं, की ठिणग्यांचा वणवा होतो. बीजाची कातडी असते मऊ चरबीची, गाईपेक्षा म्हशीच्या जातीत जास्तच मऊ. मग उघड्यावर ठेवलेल्या तुपाचं जे होतं तेच तिचं होतं. ती खवट होते. कातडी खवटली की शेपूट थांबलं.

"मग खवट होऊ नये म्हणून आपण तुपात नागवेलीचं पान घालतो तसं कायतरी घाला की," राजश्री म्हणाली.

शिरगुप्पे हसले. तेच करायचं चाललं होतं.

त्याच मे महिन्यात ते औषध आलं. त्याचं नाव सतरा अक्षरांचं होतं. त्याचा एकेक कण बीजाच्या कातडीत रुतून बसे, येणारी ठिणगी स्वतःवर घेई, विझे आणि पुन्हा ताजा होई. जुनी औषधं एकदा जळली की संपत. हे संपतच नसे. गल्लीनं दोन दिवसांत त्याचं बारसं केलं. दुधावर धरते तशी बीजावर धरते, म्हणून 'साय'. डेअरी आता सायीतल्या कांड्याच पाठवू लागली, वर थेंब टाकायला एकेक कुपीही देऊ लागली. ऐन वैशाखात म्हशी गाभण राहिल्या. राजश्री मोबाईलला लावायच्या भिंगाखाली थेंब धरून बघे आणि तिला हसू येई. पूर्वी शंभरातले चाळीस हलत. आता पंचाण्णव, पावसाळ्यातल्या डबक्यात बेडकाची पिल्लं वळवळावीत तसे.

सोबत एक कागदही आला होता. वितळवलेली कांडी पंधरा मिनिटांत वापरावी, असं त्यात होतं. पहिले काही महिने राजश्रीनं ते पाळलं. मग एकदा एका गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं, तिला गल्लीभर धरून आणेपर्यंत पाऊण तास गेला. भिंगाखाली बघितलं तर पेल्यातल्या कांडीतले गडी तसेच दौडत होते. म्हैस गाभण राहिली. मग कागदाचं भय सरलं. आता ती पहिल्याच गोठ्यात पाच-सहा कांड्या एकदम पेल्यात टाकी आणि तो पेला पदराखाली धरून दारोदार जाई. कुठं चहा, कुठं सुनेची कागाळी, कुठं गुडघ्याचं तेल. बीज वाट बघत होतं ना, मग माणसांना कशाला वाट बघायला लावायची? पुढच्या फाल्गुनात आधीची रेडकं जन्मली, तीही खणखणीत. ती पंधरा मिनिटांतली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

त्यानंतरच्या भाद्रपदात गौरी उठल्यावर प्रणाली गोठ्यात तिच्यामागं येऊन उभी राहिली आणि शेणाचं घमेलं उचलता उचलता म्हणाली, "आत्ती, माणसाला चालती का हो ती साय?"

राजश्रीनं आठ दिवस उत्तर दिलं नाही. मनातून मात्र तिनं ते त्याच क्षणी दिलं होतं. कुपीवर 'फक्त जनावरांसाठी' असं छापलेलं होतं. पण तिनं आयुष्यभर जनावरांच्या पेंडीवर आणि माणसांच्या औषधांवर काय काय छापलेलं असतं ते बघितलं होतं. बसूला सांगायचं नाही, असं ठरलं. प्रणालीनं त्याला सांगितलं, एकदा शेवटची तपासणी करू, नमुन्याची बाटली मीच पोचवते, तुम्ही यायचं नाही. तो भिंतीकडे बघत बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर प्रणालीनं ती लहानशी बाटली आणून दिली. राजश्रीनं सायीचे दोन थेंब टाकले. घरची पुतळी नावाची म्हैस पिळून पेला भरला, त्यात बाटली उभी केली आणि हात धुतले. तेवढ्यात दारात बसूची मावशी, इचलकरंजीहून आलेली, हातात भडंगाची पिशवी. मावशीला घाई नव्हती. तिनं चहा घेतला, जावयाची नोकरी सांगितली, पुन्हा चहा घेतला. प्रणाली स्वयंपाकघरातून सासूकडे बघे, सासू डोळ्यांनीच म्हणे, थांब. दूध निवलं की राजश्री काहीतरी निमित्त काढून उठे, पुतळीखाली बसून पेला नव्यानं भरून येई. मावशी गेली तेव्हा पावणेदोन तास झाले होते. राजश्रीनं भिंगाखाली बघितलं. फाउंड्रीतल्या माणसाचं बीज, ज्याला दवाखान्यानं जवळजवळ मेलेलं म्हटलं होतं, ते डबक्यातल्या पिल्लांसारखं वळवळत होतं. तिला रडूच आलं. बाकीचं काम तिनं म्हशीला करते तसंच केलं.

प्रणालीला दिवस गेले. बसूनं भट्टीवर पाच किलो पेढे नेले आणि त्या दिवशी घरी येताना तो गल्लीच्या तोंडापासून शीळ घालत आला. राजश्रीनं त्याला चौदा वर्षांत शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास रेडकं मरायला लागली.

सगळ्यांचं एकसारखं होई. जन्मताना देखणं, चकचकीत. चीक पिऊन दुसऱ्या दिवशी उड्या मारणारं. पाच-सहा आठवडे सुखाचे. मग एके दिवशी लुचता लुचता ते मधेच सड सोडी. तोंडाला फेस तसाच, मान वर करी, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं एका बाजूला बघत राही. तिथं कुणी नसे. पुन्हा लुचू लागे. बघणाऱ्याला गंमत वाटे. तिसऱ्या दिवशी ते उठत नसे.

म्हैस रेडकाशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी एक विसरलेली रीत पुन्हा काढली. मेलेल्या रेडकाचं कातडं काढून त्यात पेंढा भरायचा आणि ते म्हशीच्या पुढ्यात टेकवून ठेवायचं. म्हैस ते चाटते, हुंगते आणि धार देते. फेब्रुवारी संपेपर्यंत गल्लीत दारोदार पेंढ्याची रेडकं उभी होती, कुणाच्या डोळ्यांत कवड्या, कुणाच्या नुसती भोकं. पुतळीचंही गेलं. सातव्या वेताची म्हैस ती, तिनं पेंढ्याचं पोर चाटून चाटून त्याच्या पाठीवरचे केस उडवले. डेअरीत कुणाला फार काळजी नव्हती. दूध कमी झालं नव्हतं, उलट लिटरभर वाढलंच होतं. पेंढा काही पीत नाही.

शिरगुप्प्यांना काळजी होती. त्यांनी मेलेल्या रेडकांचं रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि महिन्यानं येऊन कट्ट्यावर बसले. चेहरा उतरलेला. साय कातडी वाचवते, म्हणाले, पण ठिणग्या काही बंद होत नाहीत. बाहेर जळायला काही मिळालं नाही की त्या आत वळतात आणि डोक्यात वारशाचा जो धागा गुंडाळून ठेवलेला असतो तो तोडतात. एकदम नाही. पंधरा मिनिटांत काहीच नाही, तास-दोन तासांत मात्र जागोजाग. घराची भिंत शाबूत, देव्हारा जळालेला. पूर्वी कातडी आणि धागा एकदमच जात, म्हणून ज्याचा धागा तुटला तो पोचायचाच नाही.

"मरण हीच चाळण होती, राजाक्का," ते म्हणाले. "आपण चाळणीची भोकं बुजवली."

मग त्यांनी विचारलं, कांड्या पेल्यात किती वेळ राहत होत्या? विचारायचा सूर मऊ होता. तिनं खरं ते सांगितलं. त्यांनी मान खाली घातली आणि ते लिहून घेतलं नाही.

पण सगळी रेडकं मेली नव्हती. का मेली नव्हती, हे पुण्याला कळलं नाही, ते राजश्रीनं शोधलं. तिला गल्लीतल्या प्रत्येक म्हशीचं वेत तोंडपाठ होतं. पहिल्या-दुसऱ्या वेताच्या म्हशींची पोरं जगली होती. पाचव्याच्या पुढची एकही नाही. शिरगुप्पे हे ऐकून उभेच राहिले. बरोबर, म्हणाले, मादीचं बीज आलेला धागा शिवून घेतं. तरण्या मादीकडे दोरा भरपूर, उतारवयाच्या मादीकडे रिळाला चार वेढे उरलेले.

राजश्रीनं पेल्यातलं दूध संपवलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "समजा एखादी थोराड म्हैस असली, आणि तिला असलंच दोन तासांचं दिलेलं असलं, आणि आता गाभण असली, तर?"

"पाडून टाका," शिरगुप्पे म्हणाले. "उगं दहा महिने वागवून पुन्हा पेंढाच भरायचा. कुणाची हाय?"

"हाय एकाची," ती म्हणाली.

घरी प्रणाली उंबऱ्यात बसून कैरी खात होती. सहावा महिना लागलेला. तिनं सासूचा हात धरून पोटावर टेकवला, आत लाथ बसली. सांगायचं ते सगळं राजश्रीच्या ओठांवर होतं. तिनं गल्लीतल्या माणसांना शंभरदा तोंडावर सांगितलं होतं, तुमची म्हैस भाकड, विका. तिचा या बाबतीत लौकिक होता. ती म्हणाली, "मीठ कमी लाव, पाय सुजत्यात." त्यानंतर ती रोज सकाळी ठरवी की आज सांगायचं, आणि रोज प्रणाली काहीतरी नवं खायला मागे.

मृगात मुलगी झाली. चकचकीत, देखणी, रडतानाही आवाज खणखणीत. नाव शरण्या. बसू कामावरून आला की आंघोळ करी, मग हात शेकून घेई आणि मगच तिला उचली. भट्टीवर काम करणारा माणूस, थंड हात लागतील म्हणून स्टोव्हपुढं बसे.

राजश्रीनं मात्र तिला घेतलं नाही. कधी हाताला शेणाचा वास, कधी कंबर. प्रणालीनं आधी हसण्यावारी नेलं, मग तिला लागलं. एकदा तिनं नवऱ्याला सांगितलेलं राजश्रीला ऐकू आलं. पोरगा हवा होता वाटतं आत्तींना. राजश्रीनं तेही अंगावर घेतलं. खऱ्या कारणापेक्षा ते कितीतरी हलकं होतं.

ती रोज एकच काम करी. प्रणाली पाजायला बसली की समोर बसायची आणि बघायची. पस्तिसावा दिवस. अडतिसावा. चाळिसावा. मूल लुचे, पोट भरलं की तोंडातलं सोडून झोपे, कधी सोडण्याआधीच झोपे. कुठं मान वर नाही, कुठं बघणं नाही. पन्नासावा. साठावा. सत्तराव्या दिवशी राजश्री अंबाबाईला जाऊन आली, ओटी भरली, घरी येऊन पाय धुतले आणि प्रणालीच्या मांडीवरून मूल उचललं. मानेखालच्या वळीत नाक घातलं. धारेच्या दुधाचा वास. ती इतका वेळ तशीच उभी राहिली की प्रणालीनं उठून तिच्या पाठीवर हात फिरवला आणि दोघींनी तो विषय तिथंच मिटवला.

पुढचे अडीच महिने राजश्रीनं मूल खाली ठेवलं नाही. राहिलेलं सगळं वसूल केलं. गोठ्यात नेलं, पुतळीच्या शिंगाला हात लावायला शिकवलं. कट्ट्यावर नेलं. हे राजाक्काचंच की, असं म्हातारी माणसं पुन्हा म्हणाली, आणि ते किती खरं आहे हे एकट्या प्रणालीला ठाऊक असल्यानं ती पदराआड हसली.

दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतल्या म्हशींची मिरवणूक निघते. त्या दिवशी शिंगं रंगवतात, अंगाला तेल चोळतात, पाठीवरचे केस कापून नक्षी काढतात. मोटारसायकलच्या मागं मालकाच्या हाकेवर म्हशी धावत सुटतात. त्या वर्षी मिरवणुकीत रेडकं फार नव्हती. राजश्री सकाळी पुतळीच्या शिंगाला शेंदरी रंग देत होती, तेव्हा शिरगुप्पे आले. पुण्याचा शेवटचा अहवाल आला होता. फार दिवसांनी ते खुशीत होते, कोडं सुटल्यावर हुशार माणूस असतो तसे.

पोटात असताना रक्त एका तऱ्हेचं असतं, त्यांनी सांगितलं, बाहेर आल्यावर शरीर हळूहळू ते बंद करतं आणि दुसऱ्या तऱ्हेचं चालू करतं. तुटला होता तो दुसऱ्या रक्ताचा धागा. पहिलं सरेपर्यंत काही कळत नाही. पहिलं सरलं, की झालं. म्हशीत ही अदलाबदल सहा आठवड्यांनी होते.

"प्रत्येक जातीची मुदत निराळी," ते म्हणाले आणि तिच्या हातातला ब्रश घेऊन दुसरं शिंग रंगवू लागले. "माणसाची पाच-सहा महिने. मुंबईचा एक दवाखाना साय मागत होता, माणसांसाठी. नशीब समजा, आम्ही दिली न्हाई."

राजश्रीनं विचारलं, त्यावर काही औषध. शिरगुप्पे म्हणाले, धागाच नाही तर शिवणार काय? मग त्यांनी विचारलं, ती थोराड म्हैस पाडली का शेवटी.

ती म्हणाली, व्याली. छान आहे.

घरात आली तेव्हा प्रणाली खिडकीजवळ पाजत बसली होती. नवं लुगडं, कपाळाला पाडव्याचं कुंकू. रस्त्यावर मोटारसायकली गुरगुरायला लागल्या होत्या, बसू बाहेर पुतळीला नावानं हाका मारत होता. शरण्या पाच महिन्यांची व्हायला चार दिवस कमी होते. राजश्री नेहमीच्या जागी, समोरच्या पाटावर बसली.

मूल लुचत होतं. मग त्यानं सोडलं. ओठांवर दूध तसंच. मान वर झाली आणि ते डाव्या बाजूला बघू लागलं. रस्त्याकडं नाही, खिडकीकडं नाही. कोपऱ्यातल्या मोकळ्या भिंतीकडं.

"बगा की आत्ती," प्रणाली हसत म्हणाली. "कुणाकडं बघती ही? तिथं तर कोण न्हाई."

राजश्री उठली. पाट सरकवला, दोन पावलं गेली आणि कोपऱ्यात त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"माझ्याकडं," ती म्हणाली. "माझ्याकडंच बघती."